स्वतःची सुटका विकत घेतलेला माणूस गुलामांच्या व्यापाराविरुद्ध नक्की कधी उभा राहिला? (ओलाउदा इक्वियानो)

पानगळ

मंडळी, ओलाउदा इक्वियानोचं आत्मचरित्र नुकतंच वाचून संपवलं आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पुस्तक १७८९ मध्ये लंडनला छापलेलं आहे, मूळ इंग्रजी जालावर फुकट मिळतं.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्याच्या सांगण्यानुसार जन्म १७४५ च्या सुमाराचा, आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखातला. अकराएक वर्षांचा असताना, मोठी माणसं शेतावर गेलेली बघून, त्याला आणि त्याच्या बहिणीला घरातून पळवलं. बहिणीची पुढे ताटातूट झाली ती कायमची. मग जहाजाने बार्बाडोस, तिथून व्हर्जिनिया. तिथे मायकेल हेन्री पास्कल या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने त्याला विकत घेतलं आणि गुस्ताव्हस व्हासा हे एका स्वीडिश राजाचं नाव दिलं. पोरगा म्हणाला मला आधीसारखं जेकबच म्हणा, तर त्याला मार बसला. सप्तवार्षिक युद्धात तो पास्कलबरोबर लढाऊ जहाजांवर होता, ऐन लढाईत तोफांना दारू पोचवत होता. आता आपल्याला सोडतील अशी त्याची खात्री होती. १७६२ च्या अखेरीस पास्कलने त्याला थेम्स नदीवरच डोरन नावाच्या कप्तानाला विकलं. 'माझा बाप्तिस्मा झालाय, या देशाच्या कायद्याने मला कुणी विकू शकत नाही,' असं तो म्हणाला, तर डोरनने सांगितलं की तू फार इंग्रजी बोलतोस.

मग वेस्ट इंडीजमधलं माँटसेराट बेट, रॉबर्ट किंग हा क्वेकर या ख्रिस्ती पंथातला व्यापारी, आणि जुलै १७६६ मध्ये ४० पौंड मोजून स्वतःच विकत घेतलेली सुटका.

आता माझा प्रश्न. सुटकेनंतर दहा वर्षांनी, १७७५-७६ च्या हिवाळ्यात, हाच माणूस डॉ. आयर्विंगबरोबर मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर मळा करायला जातो. वाटेत जमैकात गुलामांच्या जहाजावर चढून मळ्यासाठी माणसं स्वतः निवडतो, आणि सगळे माझ्याच मुलखातले निवडले असं लिहितो. पुढे १७८८ मध्ये तोच इंग्लंडच्या राणीला अर्ज करतो की माझ्या आफ्रिकी बांधवांवर दया करा. या मधल्या काळात काय झालं? पालट एका घटनेने झाला का? मला एक घटना सापडत नाही. तुम्हाला सापडते का?

मुंगी

वाचते आहे. वाचनखूण साठवली.

दर्यावर्दी

पानगळ ताई, सुंदर विषय. मी मर्चंट नेव्हीत होतो, त्यामुळे हे पुस्तक मी जहाजी माणसाचं पुस्तक म्हणूनच वाचलं. माझ्या मते तुमची घटना १७७४ ची आहे, जॉन ॲनिसची.

ॲनिस हा स्वयंपाकी. पूर्वी सेंट किट्स बेटावर कर्कपॅट्रिक नावाच्या माणसाचा गुलाम होता, पण राजीखुशीने वेगळा झाला होता. इक्वियानोच्या शिफारशीवरूनच तो लंडनमध्ये इक्वियानोच्याच जहाजावर नोकरीला लागला. ईस्टरच्या सोमवारी कर्कपॅट्रिक बोटी आणि माणसं घेऊन आला आणि सगळ्या खलाशांच्या डोळ्यांदेखत त्याला उचलून घेऊन गेला. कप्तान आणि मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) गप्प. इक्वियानोने कोर्टातून हेबियस कॉर्पसचा, म्हणजे धरून नेलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा, हुकूम मिळवला. तो बजावायला बेलिफाबरोबर जाताना, काळा माणूस दारात दिसला तर कर्कपॅट्रिक सावध होईल म्हणून त्याने तोंडाला पांढरं फासलं! गुलामांच्या बाजूने लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पकडे सल्ल्यासाठी गेला तोही याच वेळी. पण वकिलाने पैसे घेतले आणि काहीच केलं नाही. ॲनिसला सेंट किट्सला नेऊन खुंट्यांना ताणून बांधलं, फटके मारले, गळ्यात लोखंड अडकवलं. तो तिथेच मेला.

आपण ज्याला कामाला लावलं, त्याला आपल्या डोळ्यांसमोरून नेला. जहाजावर राहिलेल्या माणसाला विचारा, हे आयुष्यभर सुटत नाही.

काळा कोट

दर्यावर्दी, ॲनिसच्या आधी दोनच वर्षं, १७७२ मध्ये, न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डचा सॉमरसेट निकाल लागला होता. इंग्लंडमधून कुणालाही जबरदस्तीने परत वसाहतीत नेता येणार नाही, असा. म्हणजे कायदा ॲनिसच्या बाजूने होता. तरीही तो गेला. निकाल कागदावर असणं आणि त्याची अंमलबजावणी होणं यातलं अंतर आम्ही रोज बघतो.

पण मला विचाराल तर पालट १७८३ चा. झाँग जहाज.

नोव्हेंबर १७८१ च्या अखेरीस या जहाजाच्या लोकांनी १३० हून अधिक आफ्रिकी माणसांना काही दिवसांत जिवंत समुद्रात ढकललं. कारण दिलं पाणी संपत आल्याचं. मधे पाऊस पडून पिंपं भरली, तरी ढकलणं चालूच राहिलं. जमैकाला पोचले तेव्हा जहाजावर ४०० गॅलनहून जास्त पाणी शिल्लक होतं. मालकांनी विमा कंपनीकडे माणशी ३० पौंड मागितले. मार्च १७८३ मध्ये ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या सुनावणीत मॅन्सफिल्डने म्हटलं की ज्यूरीच्या दृष्टीने हे प्रकरण घोडे पाण्यात टाकल्यासारखंच होतं. फेरखटल्याचा हुकूम झाला, पण खुनाचा खटला कुणावरही चालला नाही.

शार्पला ही बातमी कुणी दिली? इक्वियानोने. १९ मार्च १७८३ ला तो शार्पच्या दारात गेला, शार्पने ते आपल्या रोजनिशीत नोंदवलंय. विम्याच्या दाव्यात बुडून जाणारं प्रकरण त्या भेटीमुळे बाहेर आलं.

फळाखडू

मी शाळेत इतिहास शिकवते. काळा कोट यांनी सांगितलेलं प्रकरण मी नववीच्या वर्गात सांगितलं होतं. 'विमा माणसांचा होता की मालाचा?' असं एका मुलीने विचारलं आणि वर्ग शांत झाला. उत्तर मी दिलं, पण तिचा चेहरा अजून आठवतो.

मला मात्र वाटतं तुम्ही सगळे फार उशिराच्या घटना शोधताय. किंगकडे गुलाम असतानाचा भाग परत वाचा. किंगचा माल सांभाळणं हे त्याचं काम, आणि त्या मालात नव्याने आणलेली माणसंही असायची. ती विकेपर्यंत त्याच्या ताब्यात. कारकून आणि इतर गोरे त्यातल्या बायकांवर अत्याचार करायचे, लहान मुलींनाही सोडायचे नाहीत, आणि आपल्याला गप्प बसून बघावं लागलं, असं तो स्वच्छ लिहितो. तेव्हा तो वीस वर्षांचासुद्धा नसेल. हे पाहिलेल्या माणसाला पुढे वेगळ्या घटनेची गरज काय?

पानगळ

फळाखडू, तो भाग मीही दोनदा वाचला. पण मग मॉस्किटो किनारा कसा समजून घ्यायचा? हे सगळं बघून झाल्यावरही तो जहाजावर चढून माणसं निवडतो. माझा अडथळा तिथेच आहे.

खतावणी

मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे आधी आकडे बघतो.

माँटसेराटला त्याचं भांडवल तीन पेन्स. बोटीवरून सेंट युस्टेशियसला गेला तेव्हा त्यातून एक काचेचा पेला घेतला. माँटसेराटला सहा पेन्सला विकला. पुढच्या फेरीला दोन पेले. मग जिन, मग जे मिळेल ते. असं करत करत ४७ पौंड जमवले. दरम्यान तो किंगचे वर्षाला शंभर पौंडांहून जास्त वाचवत होता, आणि त्याच्यासाठी शंभर गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून थोडं मोठं नाणं) द्यायला गिऱ्हाइकं तयार होती. म्हणजे किंगने ४० पौंडांत सोडणं हे त्या बाजारात नुकसानीचं होतं. इक्वियानो पैसे घेऊन गेला तेव्हा किंग नाष्ट्याला बसला होता, आणि इतक्या लवकर पैसे जमतील असं वाटलं असतं तर शब्द दिला नसता असं तो बोलूनही गेला. किंगच्या जहाजाचा कप्तान फार्मर बरोबर होता, त्याने गळ घातली म्हणून काम झालं. मुक्तिपत्रात रक्कम ७० पौंड दिसते, गोंधळू नका, ते माँटसेराटचं स्थानिक चलन आहे. ते मुक्तिपत्र त्याने पुस्तकात शब्दन् शब्द छापलंय.

आता सांता क्रूझ बेटावरची गोष्ट घ्या. तो आणि त्याचा एक जोडीदार लिंबं आणि संत्र्यांच्या गोण्या घेऊन विकायला उतरले. हीच त्यांची सगळी पुंजी. दोन गोऱ्यांनी गोण्या हिसकावून घेतल्या. हे किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे गेले, तर त्याने शिव्या घालून चाबूक उगारला. परत जाऊन त्याच गोऱ्यांच्या विनवण्या केल्या, तेव्हा त्याच्या गोण्या मिळाल्या, जोडीदाराची मिळाली नाही. तो म्हातारा रडायला लागला. इक्वियानोने आपल्यातली सुमारे तिसरा हिस्सा फळं त्याला दिली.

व्यापारी माणसाला ही गोष्ट काय सांगते? तुझा माल आहे, तुझी मेहनत आहे, पण तक्रार ऐकणारं कुणी नसेल तर तुझं काहीच तुझं नाही. सुटका झाल्यावरही हेच. जॉर्जियात सव्हाना शहरात स्वतंत्र माणूस म्हणून फिरताना त्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. खिशात मुक्तिपत्र असून. मॉस्किटो किनाऱ्यापर्यंत त्याचा समज असा दिसतो की मालक भला असला तर गुलामाचं बरं चालतं. तिथे त्याने स्वतः लोकांना प्रेमाने वागवलं, आणि निघताना ते हळहळले असं तो लिहितो. पुढचं वाक्य वाचलंत ना पानगळ ताई? तो गेल्यावर गोरा मुकादम आला, त्याने इतकं मारलं की सगळेजण एका मोठ्या होडीतून पळाले आणि बुडून मेले.

पानगळ

वाचलंय. तो हे एका परिच्छेदात सांगतो आणि पुढे जातो.

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, तीन पेन्सचे ४७ पौंड म्हणजे आपला हिशेब चुकत नसेल तर १८८ पट आणि वर... नाही, पौंडाचे २४० पेन्स म्हणजे ३७६० पट. खतावणी, तुम्ही तपासा बा. आन् तेही मालकाच्या फेरीतून वेळ काढून. आमच्या बाजार समितीत असा माणूस एक जरी असता तर अडते हात जोडून उभे राहिले असते.

खतावणी

३७६० बरोबर आहे ठेचादादा. :)

खोडरबर

सगळे भारावून लिहीत आहेत, मी दुसरी बाजू मांडतो. जन्म आफ्रिकेत झाला हे कशावरून? लंडनच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये फेब्रुवारी १७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्म कॅरोलायना असं लिहिलंय. १७७३ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेच्या हजेरीपटावर दक्षिण कॅरोलायना. व्हिन्सेंट कॅरेटा या अमेरिकन अभ्यासकाने हे कागद पुढे आणले. मग जहाजाच्या तळातल्या अंधाराचं, वासाचं, किंकाळ्यांचं वर्णन त्याने स्वतः पाहिलेलं की इतरांकडून ऐकून लिहिलेलं? आणि तसं असेल तर धाग्याचा प्रश्नच बदलतो. १७८९ मध्ये लिहिणारा माणूस चळवळीला लागेल तसं आपलं आयुष्य मांडतोय. त्यात पालट शोधण्यात अर्थ नाही.

काळा कोट

खोडरबर, कागद तुम्ही म्हणता तेच सांगतात, मान्य. पण पुरावा म्हणून त्यांचं वजन किती? बाप्तिस्म्याच्या वेळी तो चौदाएक वर्षांचा, दुसऱ्याच्या मालकीचा. जन्मस्थळ त्याने सांगितलं की त्याला घेऊन आलेल्यांनी, हे नोंदीवरून ठरत नाही. हजेरीपटावर तो मोठा आणि स्वतंत्र होता, तो कागद जास्त वजनदार आहे. उलट बाजूने पॉल लव्हजॉयसारख्या इतिहासकारांनी त्याच्या इग्बो मुलखाच्या वर्णनातले तपशील दाखवून आफ्रिकेतला जन्म खरा धरलाय. वाद चालू आहे. पण विक्री, किंग, मुक्तिपत्र, ॲनिस, झाँग या गोष्टी जन्मस्थळावर अवलंबून नाहीत, आणि पानगळ ताईंचा प्रश्न याच गोष्टींचा आहे.

पानगळ

यात एक भर. हा संशय आजचा नाही. १७९२ मध्ये तो स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना लंडनच्या दोन वर्तमानपत्रांनी छापलं की हा आफ्रिकेतला नाहीच, डेन्मार्कच्या ताब्यातल्या सांता क्रूझ बेटावर जन्मला. म्हणजे याची साक्ष खोटी, म्हणजे व्यापाराविरुद्धचं सगळंच खोटं, असा डाव. पुढच्या आवृत्त्यांच्या सुरुवातीला त्याने याला उत्तर दिलं आणि इंग्लंडला आला तेव्हा आफ्रिकेच्या भाषेशिवाय काही बोलत नव्हता हे ज्यांना माहीत होतं अशा माणसांचा हवाला दिला. खोडरबर, तुमचा हेतू तसा नाही हे मला माहीत आहे, पण त्याच्यावर ही वेळ आली होती एवढंच सांगते.

केम नदीकाठी

मी केंब्रिजला राहते. इथे चेस्टरटन भागात सेंट अँड्र्यूज चर्च आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर एक फलक बसवलाय. ॲना मारिया व्हासा, गुस्ताव्हस व्हासा या आफ्रिकी माणसाची मुलगी, २१ जुलै १७९७ ला वारली, वय ४ वर्षं. खाली कविता कोरलीय. वाटसरूला म्हणते की थांब, इथे एक सावळं मूल आहे, कदाचित तुझं नव्हे. पुढे तिच्या वडिलांच्या हालांबद्दल ओळी आहेत. अक्षरं झिजली आहेत, मान वर करून डोळे बारीक करून वाचावी लागतात. मी मुलाला घेऊन गेले होते, त्याने बोटाने ओळ धरून वाचायचा प्रयत्न केला तर हात पोचेना.

इक्वियानोने १७९२ मध्ये जवळच्या सोहम गावात सुझाना कलन हिच्याशी लग्न केलं. ती १७९६ मध्ये गेली, तो ३१ मार्च १७९७ ला, आणि चारच महिन्यांनी ही मुलगी. धाकटी जोआना वाचली. तिला एकविसाव्या वर्षी वडिलांच्या मालमत्तेतून ९५० पौंड मिळाले.

इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला मार्च १८०७ मध्ये. त्याच्या जाण्यानंतर दहा वर्षांनी.

मुंगी

केम ताई, डोळे भरून आले.

गोदाकाठ

थोडं अवांतर, पण आपल्या मातीतलं आहे म्हणून लिहितो.

आम्ही नाशिककर शरणपूर रोडवरून रोज जातो. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेली वस्ती. हिंदी महासागरात अरबांच्या गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत आणि त्यातली कितीतरी इथे आणत. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवत. त्यातला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात गेला, आणि लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारल्यावर त्याचं शव घेऊन इंग्लंडला पोचला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

धाग्याच्या विषयाला खरा धरून आहे तो विल्यम जोन्स. तोही नाशिकमधला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने, आणि इथली बरीच मंडळी तिकडे गेली. जोन्सने जवळच्या राबाईत मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना थारा दिला. किनाऱ्यावरचे मालक चिडले, मिशनवर हल्ल्याच्या धमक्या आल्या. १८८८ अखेर प्रकरण इतकं चिघळलं की ब्रिटिश कंपनीला मालकांना पैसे देऊन त्या हजाराहून अधिक माणसांची सुटका करावी लागली. आपल्या गावात शिकलेला पोर तिकडे जाऊन हे करतो, याचा मला अभिमान वाटतो. शरणपूर रोडला एक साधा फलक तरी लागायला हवा.

फळाखडू

गोदाकाठ, हे मुलांना सांगणार, नक्की. आणि महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या, गुलामी मोडणाऱ्या भल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तिकडचा लढा आपल्या शूद्रातिशूद्रांच्या लढ्याला लागून दिसला.

सातबारा

सगळं बाहेरचं चाललंय, घरचंही बोला. पेशवाईत बटकी, कुणबिणी विकल्या जात होत्या, दफ्तरात खरेदीच्या नोंदी आहेत. गोव्यात पोर्तुगिजांच्या घरोघरी आफ्रिकी गुलाम होते. मलिक अंबर हबशाण देशातून (आजचा इथिओपिया) विकत विकत अहमदनगरला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, पण स्वतः सत्तेवर आल्यावर त्याने गुलाम बाळगायचं थांबवलं नाही. ब्रिटिशांचा १८३३ चा मुक्तीचा कायदासुद्धा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागू नव्हता. हिंदुस्थानसाठी १८४३ उजाडावं लागलं.

मलिक अंबरला मी नावं ठेवत नाही. पण इक्वियानोचं मोठेपण मला यामुळे कळतं. स्वतः वर आलेली माणसं भरपूर आहेत. वर आल्यावर तो अख्खा धंदाच बंद करायला निघालेली फार थोडी.

दर्यावर्दी

सातबारा, शंभर टक्के सहमत.

आणि खतावणींच्या मुद्द्यावरून एक. मागे एका एजंटाने माझं सीडीसी, म्हणजे खलाशाची ओळख-पुस्तिका, अडकवून ठेवलं होतं. पुस्तिका हातात नाही म्हणजे खलाशी कुठेच नाही, जहाज नाही, पगार नाही, ओळख नाही. मी त्याच्याशी माझी तुलना करत नाही, माझं कागदपत्र परत आलं आणि मला कुणी विकत नव्हतं. पण एका कागदावर आपलं सगळं टांगलेलं असणं म्हणजे काय ते थोडं कळलं. त्याच्या मुक्तिपत्राकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिलं.

खोडरबर

मूळ धाग्यावर येऊया. पुस्तकाच्या शेवटी तो काय युक्तिवाद करतो? आफ्रिकेशी माणसांचा व्यापार बंद करा, कापड आणि भांडी विका, इंग्लंडला जास्त नफा होईल. मला हे खटकलं. इतकं भोगून शेवटी नफ्यावर?

खतावणी

कुणापुढे बोलत होता ते बघा ना. पार्लमेंटमध्ये बसलेले लोक, मँचेस्टरचे कापडवाले, लिव्हरपूलचे जहाजवाले. विरोधकांचा मुख्य दावा हाच होता की व्यापार बंद झाला तर देश बुडेल. तो व्यापारी होता, त्याने त्यांच्याच वहीतून उत्तर दिलं. क्रौर्याबद्दल त्याने आधीची शेकडो पानं लिहिलीच आहेत.

पुस्तकाचंही तेच. आधी वर्गणीदार गोळा केले, निम्मे पैसे आगाऊ. पहिल्या आवृत्तीच्या वर्गणीदारांच्या यादीत तीनशेहून जास्त नावं, सर्वात वर युवराज. हक्क प्रकाशकाला विकले नाहीत, स्वतःकडे ठेवले. मग गावोगाव फिरून स्वतः विकलं, एकट्या आयर्लंडच्या दौऱ्यात १९०० प्रती. त्याच्या हयातीत नऊ आवृत्त्या निघाल्या. जिथे पुस्तक विकायला जाई तिथे व्यापाराविरुद्ध बोले. १७९१ नंतर गुलामांनी पिकवलेली साखर खाणं लोकांनी घराघरांत सोडलं, ते अशाच गावांमधून.

आणि पालटाबद्दल माझं मत द्यायचं राहिलं. प्लिमथ, १७८७. लंडनमधल्या गरीब काळ्या लोकांना सिएरा लिओनला वसवायची सरकारी योजना होती, त्यात याला सामानाचा अधिकारी नेमलं. जहाजं प्लिमथला अडकून पडलेली, लोकांना पुरेशा वस्तू नाहीत, पैसे मात्र सरकारकडून घेतलेले. त्याने तक्रार केली. नोकरी त्याचीच गेली. मग तो वर्तमानपत्रांत उघड भांडला, आणि शेवटी सरकारला त्याच्या कामाचे ५० पौंड द्यावे लागले. खाजगीत एखाद्या भल्या माणसाचं दार ठोठावणं त्या वर्षी संपलं. त्यापुढे तो जाहीरपणे, नावानिशी बोलतो.

पानगळ

खतावणी, तुमच्या या प्रतिसादाने माझा गुंता बराच सुटला.

तारखा ओळीने लावून बघते. १७७४ मध्ये ॲनिससाठी तो शार्पकडे जातो, एका माणसासाठी. हरतो. मग स्वतःच्या पापाचा आणि मोक्षाचा विचार करत मेथडिस्ट पंथाकडे वळतो. १७७६ मध्ये मॉस्किटो किनाऱ्यावरून परतताना एक जहाजमालक त्यालाच दोरखंडाने हातपाय बांधून टांगून ठेवतो, आणि दहा वर्षांपूर्वी रोख मोजून घेतलेली सुटका त्या जहाजमालकाच्या लेखी शून्य असते. १७८३ मध्ये तो पुन्हा शार्पकडे जातो, या वेळी ज्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत अशा १३० हून अधिक मेलेल्या माणसांसाठी. १७८७ मध्ये प्लिमथ. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला व्यापारबंदीची समिती निघते, त्याचा मित्र ऑटोबा कुगोआनोचं पुस्तक येतं, आणि हे दोघं इतर आफ्रिकी साथीदारांबरोबर 'आफ्रिकेचे पुत्र' म्हणून एकत्र सह्या करून पत्रं लिहायला लागतात. १७८८ ला राणीकडे अर्ज, १७८९ ला पुस्तक.

म्हणून माझं मत असं बनलंय की मॉस्किटो किनाऱ्यावरचा माणूस अजून 'चांगला मालक' या कल्पनेवर विश्वास ठेवत होता, आणि ती कल्पना त्या बुडालेल्या होडीबरोबर गेली. त्याने ते एका परिच्छेदात उरकलं, कारण ती माणसं त्यानेच निवडली होती. पुढे तो कुठेही 'गुलामांना नीट वागवा' एवढ्यावर थांबत नाही. धंदा बंद करा म्हणतो.

काळा कोट

होडीचा मुद्दा तुम्ही अनुमानाने मांडताय, त्याने तसं लिहिलेलं नाही. पटण्यासारखं अनुमान आहे. मी तरी १९ मार्च १७८३ सोडत नाही.

फळाखडू

आणि मी माँटसेराटची वखार सोडत नाही. गप्प बसावं लागलेल्या माणसाला बोलायची जागा मिळायला वीस वर्षं लागली, एवढाच माझा पालट.

वऱ्हाडी ठेचा

म्या तं अजून वाचलंच नाही, आज रात्री सुरू करतो. कोणती आवृत्ती घेऊ ताई?

पानगळ

ठेचादादा, १७९४ ची नववी मिळाली तर ती घ्या. हयातीतली शेवटची. सुरुवातीला वर्तमानपत्रांच्या आरोपांना दिलेलं उत्तर आहे, ते आधी वाचा. पहिली दोन प्रकरणं सावकाश वाचा, पाचवं-सहावं एका बैठकीत. ॲनिस दहाव्यात येतो. ते प्रकरण मराठीत करायला घेतलंय, झालं की इथेच नवा धागा काढते.